भुंड्या हातांची खोली

माझा पोरगा आत बेशुद्ध पडला होता आणि बाहेर माझी नणंद माझ्या सुनेचा हात आवळून त्यात काचेच्या बांगड्या चढवत होती. माप लहान होतं. एक बांगडी मोडून मनगटात घुसली, रक्त आलं. नणंद थांबली नाही.

"भुंड्या हातानं कंपनीत मिरवतीस, म्हणून आला ट्रक त्याच्या अंगावर," ती म्हणाली. "आता त्यो उठून बसंस्तवर ह्या उतरवायच्या न्हाईत. उतरवल्यास तर तूच खाल्लंस त्याला."

दवाखान्यातली माणसं बघत होती. सून रडली नाही.

ही २००६ सालातली गोष्ट. पिरंगुटला एका लहान कंपनीत वजनकाट्यांवर आकडे दिसतात त्या काचा बनायच्या. तिथे घासणीची खोली होती. काचेवर पातळ लेप असायचा, त्यावर मखमल गुंडाळलेला रूळ एकाच दिशेने फिरवायचा. उलटा आणायचा नाही. त्या खोलीत धूळ चालत नसे. कुंकू गळतं, बांगडी हातमोजा फाडते, म्हणून सुपरवायझर विधवा बायका बघून घ्यायचा. तोंडाने तसं म्हणायचा नाही. पण तिथे काम करणाऱ्या आम्हा चौघींतल्या तिघी विधवा, आणि चौथी नवऱ्याने टाकलेली. गावात ज्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलवत नव्हतं, त्यांना तिथे पगार होता.

माझे डोळे अधू झाले तेव्हा माझ्या जागी मी सुनेला लावलं. ती सवाष्ण. रोज गेटवर बांगड्या आणि टिकली काढायची, सुटल्यावर परत घालायची. पोरगा हसायचा.

"आई, मी जिता हाय आन कंपनीनं हिला रांडव करून टाकली."

"गप जेवा," सून म्हणायची. "तुमच्या पगारात टिकली तरी येती का?"

त्या वर्षी एक नवा साहेब आला, सून घरी येऊन सांगायची. त्याच्या बाटलीत डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक काड्या होत्या, आणि त्या स्वतः उजेड द्यायच्या. आकड्यांच्या काचेत भरतात त्या पातळ द्रवात तो त्या मिसळायचा. घासणी सरळ असली की द्रव त्या दिशेला वळायचा आणि काड्याही त्याच्याबरोबर एका रेषेत पडायच्या, ओढ्याच्या धारेत पेंढा सरळ होतो तशा. जांभळ्या दिव्याखाली सगळा पडदा हिरवा पेटायचा. काळसर काच डोळ्यांपुढे धरून फिरवली की एकदा लख्ख, एकदा अंधार. मध्ये धुळीचा कण आला की भोवतीच्या काड्या वाकड्या व्हायच्या आणि तिथे डाग दिसायचा. साहेब सांगे, असल्या पडद्याच्या टीव्हीला वीज कमी लागेल. आमच्याकडे आधी वीज तर असू दे.

परातीएवढा एक पडदा बघायला बाहेरची माणसं यायची होती. त्याची काच घासायचं काम सुनेला दिलं, कारण तिचा हात कापत नसे. पडदा साफ निघाला तर ती ठेकेदाराकडून सुटून कंपनीत कायम होणार होती. नेमक्या त्याच आठवड्यात घाटात पोराच्या गाडीला ट्रकने उडवलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय, जगला तरी कामाला उभा राहणार नाही. म्हणजे घर आता तिच्या नोकरीवर होतं.

पडदा घासायच्या आदल्या दिवशी सून माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, उद्या काय करू?"

नणंद समोरच होती. तिला ऐकू जाईल असं मी म्हणाले, "माझा नवरा गेला तवा माझ्या हातात कोपरापातूर चुडा व्हता. हिनंच भरला व्हता. काय राखलं त्यानं?"

"तुझ्या जिभंला हाड न्हाई, वैनी."

"न्हाई. आन तुझ्या डोस्क्यात मेंदू न्हाई."

बांगड्या निघेनात, तेव्हा मी नळावर नेऊन साबणाने काढल्या. सकाळच्या बसने ती पिरंगुटला गेली.

पडदा साफ निघाला. एक डाग नाही. पाहुण्यांनी काळी काच फिरवून फिरवून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. दुपारी पोरगा गेला. निरोप पोचला तेव्हा तिच्या डोक्यावर अजून खोलीतली पांढरी टोपी होती.

गावाला आयतं मिळालं. ट्रकबद्दल कोणी बोललं नाही, डोक्यातल्या रक्ताबद्दल बोललं नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी बांगड्या. नणंद दहाव्याला आली, सगळ्यांसमोर बोलली आणि पाणी न पिता गेली.

सुतक फिटल्यावर सून कामावर गेली. सुपरवायझरने कायम झाल्याचं सांगितलं आणि वर म्हणाला, "आता बरं झालं, रोजची काढघाल नको." त्याला वाईट बोलायचं नव्हतं. ती "व्हय" म्हणाली आणि रूळ हातात घेतला.

साहेब पुढे परदेशी गेला. त्या काड्यांचा पडदा कुठल्या टीव्हीत बसला नाही. सून पुन्हा वजनकाट्यांच्या काचा घासू लागली.

पोरगा एकतीस वर्षांचा होऊन गेला. ट्रकवाला जगला, त्याला खरचटलंही नव्हतं. नणंद जगली. सून जगली, आणि मी जगले.