रोडग्याची राख झटकणारं जनावर

पहिलेच सांगून ठेवतो, भूतखेत मी मानत नाई. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यावर बावीस वर्षं वॉचमन होतो. इतक्या वर्षांत भूत एक बी नाई दिसलं… झोपेल माणसं लय दिसली. शाळा सातवीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील त सुधारून घ्या, पन मजकुरात हात घालू नका.

गोष्ट माह्या बुढीची, म्हंजे बायकोची हाय. शेवंता नाव. गेल्या श्रावणात गेली, तीन दिवसांच्या तापात.

त्याच्या आंधीच्या माघात आमी भातकुलीहून धारणीकडं गेलतो. पोरगी सुनिता तिकडंच देली हाय, जवाई एका आश्रमशाळेत शिपाई हायेत. पोरीले आठ वर्षांनं लेकरू झालं म्हणून बुढीनं तिथल्या मारोतीले नवसाचे रोडगे बोलले होते. पोरगी-जवाई संग होते. धारणीपासून जीपनं पाऊण तास, मंग पायी. गावाची शीव संपते तिथं नाला हाय. नाल्याच्या अलीकडं मारोतीचा ओटा अन एक मोहाचं झाड. पलीकडून जंगल सुरू.

ज्याले रोडगे माहीत नाई त्याच्यासाठी सांगतो — गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, पोत्यात घोळसून राख झाडायची, अन तूप लावून वांग्याच्या भाजीसंग खायचे. आमच्या घरची एक रीत हाय. पहिला रोडगा देवाचा, दुसरा शिवेचा. शिवेचा रोडगा झाडत नाई. निखाऱ्यातून काढला तसा राखेसकट शिवेच्या दगडावर ठेवायचा अन मांगं न पाहता परत यायचं.

दुपारचे दोन वाजले असतीन. मी रोडगे उलथून उलथून थकलो होतो, मोहाखाली आडवा झालतो. बुढी शिवेचा रोडगा घेऊन नाल्यावर गेली. तीस पावलं बी नसन. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, हळूच.

"काहो, या न इकडं."

म्या म्हटलं, "काय हाय?"

"या त खरं. बोलू नका."

मी उठलो नाई. आता लिहून राहिलो त हात थांबते… पन खरं ते खरं. उठलो नाई. डोळ्यावर दुपट्टा घेतला.

बुढी आली तवा तिचं तोंड उतरेल होतं, पन भेलेली नव्हती. म्हणे, "मांगं पाह्यलं म्या. नव्हतं पाहाचं, पाह्यलं. दगडाजवळ कोणीतरी उभं होतं. अंगभर केस. अस्वल नव्हतं अन माणूस बी नव्हता. त्यानं रोडगा उचलला, दगडावर दोनदा आपटून राख झटकली, फुक मारली अन मंग खाल्ला. तुमी काई उठले नाई, म्हणून तुमाले दाखवाले मोबाईलवर फोटो काढला."

फोटो पाह्यला त काय… हिरवं पिवळं सगळं पुसल्यावानी, मधात एक काळा उभा डाग. कोपऱ्यात तिचं बोट आलं होतं, तांबूस.

म्या जवायाले म्हटलं, "बापू, तुमच्याकडले अस्वलं लय शिस्तीचे हो. राख झटकून खातेत. उद्या तूप मागतीन."

जवाई हासले. पोरगी हासली. बुढी नाई हासली.

"अस्वल अस्सं हातात धरते काय?" तिनं विचारलं.

"ऊन लागलं तुले. भास झाला."

भातकुलीले परत आल्यावर त म्या हे गोष्ट पारावर, दुकानात, सगळ्याले सांगतली. लोकं तिले 'अस्वलवाली काकू' म्हणाले लागले. कोणाच्या घरी हळदीकुंकवाले गेली त बाया विचारत, "काकू, पाहुना आला नाई का संग?" मंग तिनं बोलनंच सोडलं. फक्त जेठात एकदा म्हणे, "येत्या माघात जाऊ न एक खेप. तुमी तुमच्या डोळ्यानं पाहा." म्या म्हटलं, "वांदराच्या पंगतीले जीपचं भाडं घालू काय?" पुन्हा तिनं विषय काढला नाई. अन मंग श्रावण.

तेरवीले बाया आपसात म्हणत होत्या, मांगं पाह्यलं म्हणून गेली. म्या आयकलं. ती तापानं गेली. डागदरानं तसंच सांगतलं.

तेरवी झाल्यावर जवायानं तो फोटो व्हॉट्सअपच्या एका ग्रुपात टाकला, जंगल-जनावरांवाल्या लोकांचा. खाली लिहिलं, मेळघाटातलं हे काय हाय? मंग तिथं जी भांडणं लागली… पंधरा दिवस. कोणी म्हणे मागच्या पायावर उभं अस्वल. कोणी म्हणे सावलीतलं वांदर. एकजण लिहिते, घोंगडी पांघरलेला गुराखी. दुसरा लिहिते, हिमालयातला केसाळ माणूस इकडं सरकला. एकानं त डागाभोवती लाल गोल काढून डोळे, नाक, छाती सगळं दाखवलं. मले त्यात काईच दिसलं नाई. अन मंग एका शहाण्यानं लिहिलं — 'बाईने मुद्दाम मोबाईल हलवला आहे. प्रसिद्धीसाठी.'

मेलेल्या बाईले खोटारडी म्हणून राहिला तो. जिनं जलमभर दुकानदाराले जास्तीची चिल्लर परत केली ती बाई.

पोरीले म्हटलं, त्याले उत्तर दे. पोरगी म्हणे, "बाबा, तुमी काय म्हणत होते तवा?"

त्या दिवसापासून मले एका जागी बसणं होत नाई. जेवतो त मधातच उठतो. खाटेवर बसलो त वाटते आंगणात जावं, आंगणात गेलो त वाटते घरात.

मी बुढीचा मोबाईल घेऊन अकोल्याले गेलो. ग्रुपातले एक सर तिथं राहतेत, कॉलेजात जनावरांचं शिकवत. माणूस भला. चहा पाजला, फोटो कंप्युटरवर घेतला अन मोठा केला. जसजसा मोठा केला तसतसं त्यातून जनावर निंघून गेलं… नुसते चौकोन राह्यले.

"काका, अस्वल आहे," सर म्हणाले. "मेळघाटात भरपूर आहेत."

"मंग राख कोणं झटकली?"

"कुठली राख?"

म्या सगळं सांगतलं. ते म्हणाले, "फोटोत राख दिसत नाही, काका. आणि वानरसुद्धा घाण लागलेलं खाणं पुसून खातं, त्यात नवल नाही. उन्हाची वेळ होती. काकूंना भास झाला असेल."

माह्येच शब्द. एक बी इकडंतिकडं नाई. चहाचा कप ठेवला अन अकोल्याच्या स्टँडवर येऊन बसलो. अमरावतीची एक गाडी सोडली, दुसरी सोडली, तिसरीत चढलो.

यंदाच्या माघात मी धारणीले गेलो. पोरगी म्हणे मी येतो, म्या नको म्हटलं. जवाई गाडीवर घेऊन गेले. तोच ओटा, तेच झाड. रोडगे म्याच केले. बुढीच्या हाताचे नाई जमले, मधात कच्चे राह्यले. देवाचा ठेवला. शिवेचा राखेसकट उचलला, दगडावर ठेवून आलो. पन यावेळी आडवा नाई झालो. दगडाकडं तोंड करून बसलो. रीत मोडली, हाव. जे तिनं पाह्यलं ते मले पाहाचं होतं, मंग काई बी होवो.

लय वेळ काईच नाई. झाडावर वांदरं होती, खोकत होती. जवाई मोहाखाली मोबाईल पाहत पडले होते.

"बाबा, भाजी लागून राहिली वाटते," ते म्हणाले.

मी वळलो, पळीनं भाजी हालवली. येवढाच वेळ. पुन्हा पाह्यलं त दगडावर रोडगा नव्हता. अन वांदरं गप झाली होती, सगळी एकदम.

दगडाच्या मांगं पळसाच्या झुडपाजवळ काळं उभं होतं. पाठ माह्याकडं. माणसायेवढं. हात हालत होता, खाल्ल्यावानी. मोबाईल काढताना दोनदा हातून सुटून खिशातच पडला.

"बापू," म्या हळूच म्हटलं, "या न इकडं."

"काय झालं, बाबा?"

"या त खरं."

"हो… आलोच."

बापू उठले नाई.

म्या फोटो काढला. तोवर झुडूप हालून थांबलं होतं. मंग दगडापाशी गेलो. दगडावर राखेचे दोन डाग होते, एकाशेजारी एक, दोनदा आपटल्यावानी. अन मधातली राख फुकून उडवल्यासारखी पसरेल.

जवाई मांगून आले. पाह्यलं. "वांदर असंन, बाबा," म्हणे.

"असंन," म्या म्हटलं. म्या पाठ पाह्यली, तोंड पाह्यलं नाई. वांदर असंन, अस्वल असंन, शिवेवरचा भुकेला माणूस बी असंन. मांगं पाह्यलं तरी अजून जिता हाय, म्हणजे बायांचं बी खरं नाई. काय होतं ते मले आज बी सांगता येत नाई, अन कोणी सांगतलं त मी मानीन असं बी नाई.

माहा फोटो तिच्याच मोबाईलमध्ये हाय. तिच्याहून खराब आला, अर्ध्यात माहंच बोट. जवाई म्हणे ग्रुपात टाकू. म्या देला नाई. ग्रुपासाठी नव्हता काढला तो, जिले दाखवाचा होता ती नाई. मोबाईल उघडला का दोन्ही फोटो लागोपाठ येतेत, तिचा अन माहा. मधात एक बी फोटो नाई.