सगुणाबाईचं अंदमान

वेल्ह्याच्या रस्त्यांवर खडी वाहण्यात सगुणाबाईचा जन्म गेला. लेकाला, अजितला, पोहायला तिनंच शिकवलं. गावच्या विहिरीत, कमरेला दोर बांधून. तो पुण्यात नोकरीला लागला आणि यंदा बायको-पोरासोबत आईलाही अंदमानला घेऊन गेला. बाजारातल्या बाया म्हणाल्या, "नशीब काढलंस गं!"

तिथल्या एका छोट्या बेटावर पाणी काचेसारखं निवळ होतं. डोळ्यांना चष्मा, तोंडात नळी लावून मासे बघायचे होते. सगुणाबाईनं पदर खोचला, तोच सून माधुरीनं तान्हं पोर तिच्याकडं दिलं. चष्मे वाटणाऱ्यानं तिच्यापुढंही एक धरला.

"तिला नको," अजित म्हणाला. "पाण्याला भिते ती."

पोर रडायला लागलं. त्याला गप्प करण्यात तिचं बोलणं राहून गेलं.

तासाभरानं दोघं निथळत वर आली.

"आई, काय मासे होते! तू बघायला पायजे होतंस."

"मंग बघते की. धर तुझं पोर."

"आता? होडी निघाली परत."

"मला कशापायी आणलंस रं हितं?"

अजितनं माधुरीकडं बघितलं.

"आई, टॉवेल कुठंय?" माधुरीनं विचारलं.

सगुणाबाईनं पिशवीतून काढून दिला.