हाफटाइमपर्यंत उपाशी

शनिवारी संध्याकाळी आमचा मामा हाफटाइम होईपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसे. चतुर्थीचा उपास त्याला दुपारपर्यंतही झेपला नाही, हा मात्र त्यानं कधी मोडला नाही. महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्याचं नावच हाफटाइम मामा पडलं होतं.

कारण विचारायची सोय नव्हती, कारण तो सविस्तर सांगे. विलायतेत फुटबॉलची मॅच दुपारी तीनची, म्हणजे आपल्याकडे रात्रीची. पण इकडे टीव्हीवर बघणारे वाढले, म्हणून टीव्हीवाल्यांनी एक मॅच तिथल्या साडेबाराला ओढली. थंडीत ती आपल्याकडे संध्याकाळी सहाला लागते. "आपल्यापायी ते लोक जेवण सोडून मैदानात बसून राहिले, बाई. अन् मी इथं चिवडा खाऊ? शोभते काय?"

मामी आतून म्हणायची, "त्या गोऱ्यायच्या जेवणाची मोठी काळजी. माह्या पोळ्या थंड होऊन राहिल्या त्याचं काही नाही."

मामाच्या आवडत्या संघाच्या मैदानावर प्रेक्षकांत एक म्हातारा लाल मफलर घालून कायम त्याच जागी बसे. कॅमेरा त्याच्यावर गेला की मामा मान लववायचा. एकदा बातमी आली की त्या संघाची घरच्या मैदानावरची मॅच परदेशात खेळवणार, टीव्हीवाल्यांना तिकडचेही प्रेक्षक हवेत. पुढेमागे भारतातही येतील, म्हणून मी पेढे घेऊन गेले, तर मामा भडकलेला. "काहून? आपण पाहूनच राहिलो ना घरी बसून. त्या मफलरवाल्यानं काय विमानानं जावं? त्याची जागा आहे गा ती."

मग माझं लग्न ठरलं. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे कन्यादान मामा-मामीच करणार होते. गुरुजींनी गोरज मुहूर्त काढला: शनिवार, सहा वाजून सहा मिनिटं. मामाचा चेहरा उतरला. "गुरुजी, दोन घंटे इकडंतिकडं नाही होत काय?"

"मुहूर्त टीव्हीवाले ठरवत नाहीत," गुरुजी म्हणाले.

मी सरळ सांगितलं, मामा, तू नसशील तर मी बोहल्यावर चढणार नाही. त्यानं कॅलेंडरवरचा तो शनिवार पुन्हा एकदा तपासला, आणि मला त्याचीच भीती वाटली.

लग्नाच्या दिवशी पावणेसहाला मामा मांडवातून गायब. मामी दात-ओठ खात होती, मला रडू फुटायच्या बेतात होतं. सहाला पाच कमी असताना तो फेटा सावरत धापा टाकत आला आणि माझा हात धरून मला बोहल्याकडे नेऊ लागला. "घरी टीव्ही लावून आलो," तो कानात म्हणाला. "टीव्ही पाहणारे मोजणाऱ्यायले एक घर कमी दिसलं तर मॅच पुन्हा रात्री नेतील."

रिकाम्या घरात टीव्ही चालू होता. मामा मात्र अक्षता पडेपर्यंत माझ्या मागून हलला नाही. कन्यादानाचा उपास होताच. दोन उपास एकात उरकले म्हणून तो खूश होता.

मागच्या पावसाळ्यात मामा गेला. परवा थंडीतल्या एका शनिवारी मी मामीकडे होते. सहा वाजले तसा तिनं टीव्ही लावला. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. थोड्या वेळानं पडद्यावर लाल मफलर दिसला. मामीनं पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "हे गेले हो, भाऊ."

मला भूक लागली होती. पण ताट तिनं हाफटाइम झाल्यावरच वाढलं.