ते पडकं घर कुणाचं?

त्या खेड्यात दुमजली घराहून उंच काही नव्हतं, तरी गावानं त्याचं नाव पाडलं ते लिफ्टवाला. तरुणपणी तो परदेशात आला आणि शहरात उभी हयात त्यानं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं बाहेर काढायची, यंत्राला वंगण द्यायचं, दारं नीट मिटतात का बघायचं, आणि संध्याकाळी सहाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत जिन्यानं चढून जायचं. त्याच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट कायम बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. मूलबाळ नव्हतं. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली, तेव्हा तो म्हणाला, "आता जमिनीवर राहू. दार उघडलं की माती दिसली पाहिजे."

माती भरपूर दिसली. दार न उघडताही दिसली.

खेड्यातलं ते जुनं दगडी घर त्यांनी एकदाच पाहिलं आणि घेऊन टाकलं. म्हातारा मालक वारला होता आणि पुतण्यांना ते खपवायची घाई होती. घर बघायला गेले त्या दुपारी भिंतींवर छान ऊन पडलं होतं, मागचं सफरचंदाचं झाड फुललं होतं. "हे घर बघायला गेले आणि झाड बघून आले," असं बायको पुढे येईल त्याला सांगायची. राहायला गेल्यावर घरानं एकेक गुण उधळायला सुरुवात केली. तुळया पोखरलेल्या. धुराडं पक्ष्यांच्या घरट्यांनी बुजलेलं. माडीवर पाय ठेवला की फळी पायासकट खाली. पहिल्या थंडीत नळ गोठून फुटले आणि स्वयंपाकघरात बर्फाचं डबकं झालं.

त्या थंडीत त्यांना तारलं ते शेजारच्या गायवालीनं. विधवा बाई, चारदोन गाई, छोटंसं नेटकं घर, वेलींनी झाकलेलं फाटक. दोन्ही घरांच्या मध्ये झुडपांचं कुंपण होतं, त्यात एक फट होती. त्या फटीतून ती पहिल्याच सकाळी कढत पाण्याचा डबा घेऊन आली. पुढे अंघोळीला तिचं न्हाणीघर, कपडे वाळवायला तिची शेगडी, कडाक्याच्या दिवसांत झोपायलासुद्धा तिचं स्वयंपाकघर. आभार मानायला गेलं की म्हणायची, "गोठ्यात गाय गारठली तर तिला आत घेतेच ना मी?" आपली गणना गाईंत झाली याचं लिफ्टवाल्याला मुळीच वाईट वाटलं नाही.

वाईट झालं ते एका फोटोनं.

त्याचा थोरला भाऊ मायदेशी असायचा. निवृत्त हेडमास्तर. वडील लवकर गेले, तेव्हा ह्याला वाढवलं, शिकवलं, ते दादानंच. पण दादाचं प्रेम नेहमी छडीच्या टोकानं यायचं. धाकट्यानं लहानपणी कपाट रंगवायला घेतलं आणि अर्धंच रंगवलं, तेव्हापासून दादाचं ठरलेलं वाक्य होतं, "हा एक काम तडीस नेईल तर शपथ." तर दादानं घराचा फोटो मागितला. स्वतःच्या घरापुढे वाळूचे ढीग होते म्हणून लिफ्टवाला गायवालीच्या फाटकापाशी उभा राहिला आणि बायकोनं फोटो काढला. मागे हिरव्या खिडक्या, वेली, स्वच्छ पायऱ्या. दादाचा लगेच फोन. "अरे, काय झकास घर केलंयस! मला वाटलं नव्हतं हो."

मला वाटलं नव्हतं. एवढं ऐकायला तो पन्नास वर्षं थांबला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "हो, जमलंय तसं."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका ना."

"सांगतो पुढच्या खेपेला."

खेपा गेल्या. आणि एका उन्हाळ्यात दादाचाच फोन आला, "आम्ही दोघं येतोय. तुझ्या घरी राहायला." नेमकं त्याच आठवड्यात सुताराच्या मदतीनं त्यांनी जुनं छप्पर उतरवलं होतं. नवी कौलं यायला अवकाश होता. घराच्या डोक्यावर नुसती ताडपत्री.

तो फटीतून गायवालीकडे गेला. "पाहुणे यायचेत. आमच्या घराला तर छप्परच नाही."

"मग इथे झोपतील. त्यात विचारायचं काय?" तिनं आपली झोपायची खोली रिकामी केली, दाराखिडक्या पुसल्या आणि स्वतःची खाट दुधाच्या कोठीशेजारी टाकली. लिफ्टवाला आणि त्याची बायको तिच्याच माडीवरच्या खोलीत. फोटोची गोष्ट त्यानं तिला सांगितली नाही. बायकोनं त्याला बजावलं, "मी खोटं बोलणार नाही. पण तुमच्या भावासमोर तुमचं नाक कापणारही नाही. तोंड तुम्हीच उघडा."

गाडीतून उतरताच वहिनी टाळी वाजवून म्हणाल्या, "अगदी फोटोतल्यासारखं!" गायवाली हसत पुढे आली आणि तिनं दोन्ही पेट्या उचलल्या. वहिनींनी तिच्याकडे बघितलं. "कामाला बाई ठेवलीय वाटतं? बरं केलंत भाऊजी. ह्या वयात झेपत नाही."

बायको त्याच्याकडे बघत होती. दादाही बघत होता, कौतुकानं.

"असते ती," तो म्हणाला.

खोटंही नाही आणि खरंही नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, त्याची जीभ त्या दिवशी मणकाच हरवून बसली.

जेवायला गायवालीनं पाच ताटल्या मांडल्या. पाचवी पाहून वहिनी चकित झाल्या. "ह्या आपल्याबरोबर बसतात? तुम्ही लोक भलतेच मोकळे हो." रागानं नाही म्हणाल्या, नुसतं आश्चर्यानं. गायवालीला भाषा कळत नव्हती, पण ती नजर कळली. तिनं लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्यानं पावाचा तुकडा मोडायला घेतला आणि त्यातच डोळे घातले. मग तिनं आपली ताटली हळूच उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. तिथं ती उभ्यानं जेवली. त्यानंतर प्रत्येक जेवण तसंच. लिफ्टवाला स्वतःला समजावत राहिला. उद्या सांगू, जेवण झाल्यावर सांगू, दादा एकटा सापडला की सांगू.

वहिनी वाईट नव्हत्या. जेवण झालं की तोंडभर हसून ताटल्या गायवालीच्या हातात द्यायच्या. पेल्यावरचा डाग बोटानं दाखवायच्या. "चांगली बाई मिळालीय," त्या जावेला म्हणाल्या, "हाताला चव नाही, पण स्वच्छ आहे." दुसऱ्या दिवशी आपला एक जुना स्वेटर त्यांनी गायवालीला दिला. गायवालीनं तो तिथल्या तिथे अंगात घातला आणि वहिनींचा हात दोन्ही हातांत घेतला. बायको उठून बाहेर निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौघं फिरून येत होती. कुंपणापाशी दादा थांबला. पलीकडे ताडपत्री फडफडत होती. चुन्याच्या गोण्या, फुटक्या फळ्या, अर्धवट लिंपलेली भिंत.

"ते पडकं घर कुणाचं रे?"

त्या भिंतीचा एकेक दगड नवराबायकोनं काढून पुन्हा बसवला होता. बायकोच्या नखांतला चुना अजून निघाला नव्हता.

"आहे कुणाचं तरी," तो म्हणाला.

"पाडून टाकायला पाहिजे. तुझ्या घराची शोभा जाते."

तो हसला. ते हसू त्याचं त्यालाच ऐकू आलं. बायको मागेच होती. घरी आली, कामाचे जुने कपडे चढवले आणि सगळ्यांच्या देखत कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. थोड्या वेळानं फावड्याचा आवाज येऊ लागला.

वहिनी खिडकीशी गेल्या. "अगं बाई! ही तिकडे लोकांच्या घरी चुना का कालवतेय?"

दादा वर्तमानपत्रावरून बघत होता. गायवाली टेबल पुसत होती.

"वहिनी, ते लोकांचं नाही," तो म्हणाला. "ते आमचं आहे. हे घर ह्यांचं आहे."

"कुणाचं?"

"ह्यांचं. ह्या कामाला नाहीत. आम्ही ह्यांच्या घरी राहतोय. तुम्हीसुद्धा."

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपोआप तोंडावर गेला. "मी ह्यांना भांडी घासायला लावली! अहो, ह्यांच्याच घरात!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगा त्यांना. आत्ता सांगा. म्हणावं, मला माहीत नव्हतं. मला त्या कामवाल्या वाटल्या. मला क्षमा करा म्हणावं."

दोन्ही भाषा येणारा तिथे तो एकटाच होता. त्यानं गायवालीकडे वळून सांगितलं, "त्या म्हणतात, तुमचे फार उपकार झाले."

गायवालीनं फडकं खाली ठेवलं. "एवढं लांब बोलल्या, रडल्या, आणि एवढंच म्हणाल्या?"

मग त्यानं सांगितलं. फोटो सांगितला, दादाचं वाक्य सांगितलं, फाटकापाशी वहिनी काय म्हणाल्या आणि त्यावर तो काय म्हणाला तेही सांगितलं. परक्या भाषेत "असते ती" नीट बसेना. दोनदा फोड करून सांगावं लागलं, आणि दर खेपेला ते जास्तच वाईट ऐकू आलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मला वाटलं," ती सावकाश म्हणाली, "तुमच्या लोकांत घरमालकिणीनं पाहुण्यांच्या पंगतीला बसायचं नसेल. पाहुण्यांचा मान म्हणून मी उभ्यानं जेवले. तसं काही नसतं का?"

"नसतं," तो म्हणाला.

"अस्सं. गाईंची वेळ झाली." ती निघून गेली. गाईंची वेळ झालेली नव्हती.

दादानं वर्तमानपत्राची घडी घातली. वहिनींनी त्या खोलीत आणखी एक रात्र काढायला साफ नकार दिला. त्यांनी स्वतःच्या हातांनी गायवालीची गादी पुन्हा तिच्या खोलीत घातली, आपल्या पेट्या उचलल्या, आणि म्हातारा हेडमास्तर पत्नीसह त्या पडक्या घराच्या खालच्या खोलीत, ताडपत्रीखाली, फळ्यांवर सतरंजी टाकून झोपला. रागावला असता तर लिफ्टवाल्याला हलकं वाटलं असतं. सकाळी दादा कंबर धरून उठला, भिंतीवरून हात फिरवत चालत गेला आणि कोपऱ्याशी थांबला.

"भिंत ओळंब्यात आहे, अगदी सरळ."

"हो."

"मग हे दाखवायची लाज वाटली? मला?" मग तो स्वतःशीच म्हणाला, "वाटली असेल. मीच तसा."

ह्यावर लिफ्टवाल्याला रडू फुटलं. वय साठीच्या पुढचं, आणि रडणं कपाट अर्धं रंगवलेल्या पोरासारखं.

पाहुणे गेले. गायवालीनं बोलणं तोडलं नाही, पण फटीतून यायची ती बंद झाली. काही सांगायचं असलं तर रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दाराशी यायची आणि कडी वाजवायची. बोलायची तेही उंबऱ्याबाहेरूनच. लिफ्टवाल्यानं तिच्या गोठ्याचं दार दुरुस्त केलं, पंपाची मोटर उघडून साफ केली, पन्हाळ्या झाडल्या. ती "आभारी आहे" म्हणायची. पूर्वी कधी म्हणत नव्हती. गावातही कुणकुण पोचली असावी. दुकानात लोक आता त्याच्याशी जरा जास्तच अदबीनं बोलायचे, आणि त्याचे कान तापायचे. बायको रोज त्याच्याबरोबर राबत होती. टोमणा तिनं एकदाही मारला नाही. पण घराला कुणी चांगलं म्हटलं की ती आधी त्याच्याकडे बघायची.

थंडीच्या तोंडावर छप्पर चढलं. दोन ठिकाणी गळायचं. दादाचा फोन आला की तो न विचारता सांगायचा कुठे गळतंय ते.

पुढच्या वसंतात एकदा गायवाली पुढच्या दाराशी आली असताना बायकोचा फोन वाजला. पलीकडे वहिनी होत्या. "त्या आहेत का गं तिथे? दे त्यांना." सगळा हिवाळा त्यांनी जावेकडून फोनवर तीन वाक्यं शिकून पाठ केली होती. लिफ्टवाला शिडी धरून उभा होता, त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. फोनमधून वहिनींचा शाळेत कविता म्हणावी तसा आवाज आला. परक्या भाषेत, मोडकातोडका, पण सगळा समजेल असा. तुमच्या घरात मी तुम्हाला उभं ठेवलं. मला त्याची लाज वाटते. मला क्षमा करा.

गायवालीनं एक शब्द सुधारून दिला. वहिनींनी तो पुन्हा चुकीचाच म्हटला. गायवाली हसली, पलीकडून वहिनी हसल्या, आणि मग दोघी आपापल्या भाषेत काहीबाही बोलत राहिल्या. दुभाषी कुणीच मागितला नाही.

फोन परत देऊन ती लिफ्टवाल्याकडे वळली. "तुमच्या वहिनींना जमलं," ती म्हणाली. "तुम्ही पंप दुरुस्त केलात, दार केलंत. बोलला मात्र नाहीत."

खरंच होतं. त्यानं कबुली दिली होती, काम केलं होतं. क्षमा मागितली नव्हती. हातातली शिडी त्यानं भिंतीला टेकवली आणि सुरुवात केली. इतकी वर्षं त्या भाषेत जगूनही शब्द उलटसुलट येत होते, एक वाक्य तर मध्येच तुटलं. ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. "झालं गेलं" असं काही ती म्हणाली नाही.

"उद्या गवत आत घ्यायचंय," ती म्हणाली. "दोघं या. लवकर या." आणि रस्त्यानं वळसा घालून आपल्या घरी गेली.