गॅसवर गेलेला कॉफीपॉट

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील. दिसायला मळकट चांदीसारखं. परदेशात ज्यांना चांदी परवडत नसे ते पूर्वी त्यात जेवत. माझा नवरा विमा कार्यालयातून निवृत्त झाला आणि परदेशातली ती जुनी भांडी आमच्या प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात येऊ लागली. तीन वर्षांत अकरा मग, चार ताटल्या आणि एक कॉफीपॉट. त्या ताटल्यांत आम्ही कधी जेवलो नाही. मगांना जागा हवी म्हणून सासूबाईंचं पितळी पातेलं मात्र बाल्कनीत गेलं.

हे सगळं दाखवायला एक मंडळ होतं. दर रविवारी पाच-सहा निवृत्त गृहस्थ कोणाच्या तरी घरी जमत. प्रत्येकाच्या खिशात भिंग. समोर ‘बढ़िया’ म्हणायचं आणि जिना उतरताना ‘नकली है’ म्हणायचं, असा रिवाज. गेल्या हिवाळ्यात मंडळाने प्रदर्शन ठरवलं. प्यूटरसाठी एकच कपाट होतं. ते माझ्या नवऱ्याला द्यायचं की मंडळातल्याच शास्त्रीनगरच्या एका रेल्वे अधिकाऱ्याला, हे मंडळाचे अध्यक्ष ठरवणार होते. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक; सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. नवऱ्याला ते कपाट हवं होतं. इतकं, की आठवडाभर तो जेवताना भाषणाची तालीम करत होता आणि माझी भाजी कशी झाली आहे ते त्याला कळत नव्हतं.

रविवारी मंडळ आमच्याकडे आलं. कॉफी आमच्या कपाटातल्या पॉटमधूनच द्यायची, हा नवऱ्याचा हट्ट. पहिली फेरी झाली. मग भाषण. ‘हाथ से बना हुआ’ हे शब्द मी स्वयंपाकघरातून नऊ वेळा ऐकले. भाषण संपेपर्यंत उरलेली कॉफी गार झाली. नवरा पॉट घेऊन आत आला.

“अगं, जरा गरम कर.”

“द्या, पातेल्यात ओतते.”

“पातेल्यात कशाला? कॉफीपॉट आहे तो.”

“अहो, गॅसवर चालतो का पण?”

“शंभर वर्षं चालला, आज तुझ्या गॅसवर चालणार नाही?”

त्याने स्वतः पॉट बर्नरवर ठेवला, गॅस मोठा केला आणि बाहेर गेला. मी बिस्किटांची बशी भरत होते. आधी पॉटच्या बुडाची कडा वितळली, कारण तिच्यामागे कॉफी नव्हती. पॉट कलला, कॉफी सांडली आणि रिकामं भांडं ताटातल्या शिऱ्यासारखं पसरलं. मी गॅस बंद केला तेव्हा झाकण तेवढं शाबूत होतं.

मंडळ आत आलं. भिंगं निघाली. तीन वर्षं धातूवर बोलणाऱ्या या माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं की हा धातू गॅसवर वितळतो.

“नकली है, भाईसाहब,” सर म्हणाले. “असली होता तो पिघलता?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. रेल्वे अधिकाऱ्याने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला कपाट मिळालं हे त्या हातावरून कळलं.

नवऱ्याने दोन दिवस काचेचं कपाट उघडलं नाही. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्रात, बातम्यांच्या डेस्कवर झाली. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. शास्त्रीनगरात एक कलईवाला अजून बसतो. सासूबाईंचं पातेलं आणि वितळलेल्या पॉटचा गोळा पिशवीत घालून मी गेले.

“ये क्या है, मैडम?”

“कॉफीपॉट था.”

“चूल्हे पे चढ़ा दिया?” तो हसला. “रांगा हम भी पिघलाते हैं, मगर बर्तन के अंदर!”

रांगा म्हणजे कथील. कलई त्याचीच करतात. मी म्हटलं, मग हाच वापरून पातेल्याला कलई करून दे. त्याने गोळा जुन्या वर्तमानपत्राच्या कडेवर घासला. कागदावर काळी रेघ उमटली.

“सीसा है इसमें. पुराना माल है, आजकल खाने के बर्तन में इतना सीसा कौन डालता है? इससे कलई नहीं करूँगा. पेट में ज़हर जाएगा.”

पातेल्याला त्याने आपल्याकडच्या कथलाची कलई करून दिली.

घरी येऊन मी नवऱ्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या: भांडं जुनं होतं आणि त्यात शिसं होतं. त्याने पहिली ऐकली. तीन दिवसांत प्रथमच तो ताठ बसला आणि त्याने फोन लावला.

“सर, असली था! पक्का पुराना! कलईवाले ने सीसा निकालके दिखाया!”

पलीकडे सर काही विचारत असावेत. नवऱ्याचा आवाज हळूहळू खाली आला.

“जी... जी हाँ, वही. जिसमें से आप सबने कॉफी पी थी.”

प्रदर्शनातल्या कपाटाचं काय, हे विचारायचं राहून गेलं. सरांनी फोन ठेवला होता. गोळा आता बाल्कनीत आहे आणि पातेलं आमच्या काचेच्या कपाटात, मगांच्या शेजारी. ते मी ठेवलं.