कोपर अंगाला ठेवा

दिवसभर मी हे तीन शब्द बोलते. परळच्या दवाखान्यात माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला सांगते, कोपर अंगाला ठेवा. मग संध्याकाळी डिलाईल रोडला माहेरी जायचं आणि वडिलांना पुन्हा तेच. दोन महिने झाले. माझा घसा धरलाय, बाबांचं मनगट धरलंय.

आमची चाळ पाडून टॉवर झाला. त्याच्या खालच्या चकचकीत लादीवर बाबा घसरले. पडताना माणूस तळहात पुढे टाकतो, भार मनगटावर येतो. दीड महिना प्लास्टर होतं. ते काढलं तेव्हा हाड जुळलं होतं, पण तळहात जमिनीकडे बघत होता आणि वर वळायचं नाव घेत नव्हता.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं अल्ना, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. तळहात उलटासुलटा करताना अल्ना जवळजवळ जागेवरच राहतं, फिरतं ते रेडियस. कोपराशी त्याचं डोकं कॅरमच्या सोंगटीसारखं गोल, बांगडीसारख्या पट्ट्यात जागच्या जागी फिरणारं. मनगटाशी मात्र ते अल्नाला वळसा घालून जातं. वरचा सांधा, खालचा सांधा, दोन्ही एकदम फिरायला हवेत. बाबांचा खालचा अडला होता.

हे मी बाबांच्याच हातावर शिकले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. अभ्यासाला हाडं घरी न्यायला मिळत, तशी एकदा पिशवीतून आणली. आई म्हणाली, "कोणाचा हाड ता? माझ्या खोलयेत नको." दहा बाय बाराच्या खोलीत देव आणि चूल एकाच भिंतीला. तिचंही खरं होतं. दुसऱ्या दिवशी परत नेली. बाबांची गिरणी कधीच बंद पडलेली, ते तेव्हा वॉचमन होते. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि म्हणाले, "ह्यो घे हात. परत देवक नको."

मी बॉलपेनने त्यांच्या हातावर हाडांच्या रेषा काढायचे, सांध्यांना गोल करायचे. ते तसेच ड्युटीवर जायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, पोरगी डॉक्टर होतली. मी डॉक्टर झाले नाही, फिजिओथेरपिस्ट झाले. ती पदवी आहे, मालिश नव्हे, हे नातेवाइकांना अजून सांगावं लागतं.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात आईने मला बाजूला घेतलं. "डाव्या हातान जेवतत. कोणी बघूक नको म्हणान भिंतीकडे तोंड करून बसतत. परवा भाचो इलो, तर भूक नाय म्हणान उठले."

घास उचलताना तळहात खाली असतो आणि तोंडाशी येईपर्यंत वर वळतो. जन्मभर करतो, कधी लक्षात येत नाही. बाबांचा तेवढाच वळसा गेला होता आणि त्यापायी त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मला त्यांचा उजवा हात ताटात परत आणायचा होता.

म्हणून रोज बगलेत नॅपकिनची घडी, कोपर काटकोनात, मुठीत लाटणं उभं. लाटणं बाहेरच्या अंगाला आडवं करायचं. ते जरा कलायचं आणि थांबायचं. मग बाबा अख्खे वाकडे व्हायचे आणि नॅपकिन खाली पडायचा.

"बाबा, अंग नाही, हात फिरवा."

"हात माझो आसा. तुका काय कळता?"

"त्याचीच पदवी घेतलीय मी."

"मगे तुझ्या पदवेक सांग फिरवूक."

ओट्यापाशी आई हसली. मला हसू आलं नाही. उभं राहून पाय भरून आले होते. एकदा मी त्यांचं मनगट धरून नको तेवढा जोर दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांच्या वडिलांना मी म्हणते, होईल तेवढं करा. इथे मला तळहात पूर्ण उलटा हवा होता. माझ्याच बापाचा हात माझ्याकडून फिरू नये, हे मला सोसत नव्हतं. खरं आहे ते लिहिते.

गेल्या रविवारी दुपारी गेले, तर नॅपकिन काढायचंही माझ्यात त्राण नव्हतं. आईने बांगड्याचं तिखलं, मासळीचं तिखट कालवण, केलं होतं. ताटं वाढली. बाबा सवयीने भिंतीकडे तोंड करून बसले. थोडा वेळ चमचा वाजला, मग थांबला.

"काटे काढून देव?" आईने विचारलं.

"मी काय बारको आसय?"

ते ताटासकट आमच्याकडे वळले. चमचा खाली ठेवला, उजव्या हाताची बोटं रश्शात बुडवली. एका बाजूने काटा सोडवला, भात कालवला. तळहात खालीच होता. तो वळेना, तेव्हा त्यांनी कोपर उचललं, बगल सोडून पार खांद्याएवढं, आणि मान खाली घातली. घास तोंडात गेला. चार शितं बनियनवर पडली.

दुसऱ्या घासाला ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. "बोल, तुझा ता नेहमीचा. कोपर अंगाक ठेवा."

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. कोपर लागू नये म्हणून मी माझं ताट थोडं अलीकडे ओढलं आणि जेवायला लागले.