दोघींच्या पेपरातली एकच चूक

दहावीच्या सहामाही परीक्षेनंतर, दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, माझ्या खोलीतल्या मुलीचं नाव शाळेच्या पटावरून कमी झालं. विज्ञानाच्या पेपरात तिने माझं बघून लिहिलं, असा ठपका होता. तिने बघून लिहिलं नव्हतं.

शाळा सातारा जिल्ह्यातली, फक्त मुलींची, निवासी. वसतिगृहात एकाच नावाच्या मुली इतक्या होत्या की आम्ही एकमेकींना गावाच्या नावाने हाका मारायचो. मी कोरेगाव. ती विटा. पलीकडच्या कॉटवर दहिवडी.

विट्याकडच्या बऱ्याच माणसांप्रमाणे तिचे वडीलही परमुलखात गलाईचं दुकान चालवत. लोक जुने दागिने आणून देतात, ते वितळवायचे, सोनं शुद्ध करून परत द्यायचं, असं ते काम. त्यांचं दुकान तमिळनाडूत होतं. आई आणि धाकटा भाऊ तिकडेच. हिला मात्र इकडे ठेवलेलं, कारण तिथली शाळा तमिळ, आणि इंग्रजी शाळेत ऐन दहावीला कोणी घेत नव्हतं. दहावी व्हायची तर ती इथूनच, हे तिला पक्कं माहीत होतं. बोलण्यात ते वरचेवर यायचं.

पावसाळ्यात तिच्या आईचं ऑपरेशन झालं. घरात भाकरी करायला दुसरं कोणी नव्हतं. शाळेने रजेचा अर्ज मंजूर केला आणि ती गेली. परत आली तेव्हा गणपती उठले होते. नियम पंचाहत्तर टक्के हजेरीचा, तिची त्याखाली गेली होती. त्याखालच्या मुलीचा बोर्डाचा फॉर्म पाठवायचा की नाही, हे मुख्याध्यापिका बाईंच्या हातात, आणि त्यासाठी वर्तनाबद्दल तक्रार नसावी लागे. तोपर्यंत तिची एकही तक्रार नव्हती.

बुडालेला अभ्यास तिने धुण्याच्या कट्ट्यावर भरून काढला. रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी मोठ्याने वाचायला बंदी होती. रविवारी सकाळी पाणी यायचं, तेव्हा कट्ट्यावर सगळा गोंगाटच असायचा, तिथे कोणी गप्प करत नसे. मी वहीतून वाचायची, ती कपडे धुवायची. तिचे आणि माझेही. धोपटण्याच्या ठेक्यावर ती वाक्य परत म्हणायची, आणि पीळ देऊन कपडा बाजूला टाकेपर्यंत ते तिचं पाठ झालेलं असे.

"ए कोरेगाव, फी काय घेतीस गं?" दहिवडी विचारायची. "दोन ड्रेस आन एक चादर?"

"तुला जळाया काय झालं?" विटा म्हणायची. "तुमच्याकडं धुयाला पानी कुटं हाय?"

"पानी न्हाई म्हणून तर माझी चादर स्वच्छ हाय. रोज भिजवून मळवावी लागत न्हाई."

हृदयाचा धडा असाच झाला. हृदयाचं काम मला वर्गात नीट कळलं नव्हतं, म्हणून वहीत मी माझ्यापुरती एक तुलना लिहून ठेवली होती. आमच्या शेताला नदीचं पाणी दोन टप्प्यांनी येतं. खालची मोटार हौदापर्यंत चढवते, वरची शेतभर ढकलते. हृदयाची एक बाजू रक्त फुफ्फुसाकडे पाठवते, दुसरी अंगभर. विटाला ते लगेच कळलं. तिच्या चुलत्याच्या रानातही तसंच पाणी होतं. नंतर कितीतरी दिवस दहिवडी सकाळी उठल्याबरोबर तिच्या छातीकडे बोट करून विचारायची, "काय विटा, वरची मोटार चालू हाय न्हवं?"

त्याच वहीत एक चूक होती. फळ्यावरच्या आकृतीत उजवं अलिंद, म्हणजे हृदयाचा उजवा वरचा कप्पा, बघणाऱ्याच्या डावीकडे येतं. मी खाली मान घालून उतरवून घेताना "अशुद्ध रक्त डाव्या अलिंदात येते" असं लिहिलं होतं. मी तेच वाचलं. तिने तेच पाठ केलं.

परीक्षेत तिचा बैठक नंबर माझ्या मागच्या बाकावर आला होता.

विज्ञानाचे सर दोन्ही पेपर घेऊन बाईंच्या ऑफिसात आले, आम्हा दोघींनाही बोलावलं. मोटारीची तुलना दोन्हीकडे, डावं अलिंदही दोन्हीकडे. त्यांनी तिला विचारलं, "हा धडा झाला तेव्हा तू वर्गात होतीस?"

"न्हाई, सर. रजेवर होते."

"मग हे मोटारीचं आलं कुठून?"

"हिनं शिकवलं."

"आणि चूकही हिनंच शिकवली?"

मी हो म्हणाले. वही दाखवली. आकृतीत कशी गफलत झाली ते सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मैत्रिणीसाठी बोलतेस, ते समजतं. पण तुझी हजेरी पूर्ण आहे. वर्गात बसून तुझी चूक होऊ शकते. जी वर्गातच नव्हती तिची तीच चूक कशी होईल, एवढंच मी विचारतेय."

विटा म्हणाली, सगळा धडा इथंच म्हणून दाखवते. आणि तिने म्हणून दाखवला, मोटारीसकट, डाव्या अलिंदासकट, न अडखळता. सर म्हणाले, पेपर होऊन आठवडा उलटला, आता पाठ असण्याने काय सिद्ध होतं?

दहिवडीला बोलावलं. तिने कट्ट्यावरच्या वाचनाचं खरं ते सांगितलं. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी विचारलं, "कपडे कुणाचे धुवत होती?" दहिवडीने तेही खरंच सांगितलं. एका मुलीने दुसरीकडून कपडे धुऊन घेणं नियमात बसत नव्हतं. त्या संध्याकाळी नोटीस लागली, धुण्याच्या कट्ट्यावर वह्या-पुस्तकं आणू नयेत. पेपरबद्दल दहिवडीच्या सांगण्याचा पुढे उल्लेख झाला नाही.

बाईंना विटा शाळेतून जायला नको होती. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या तिला म्हणाल्या, "बाळ, दोन ओळी लिही. बघून लिहिलं, चूक झाली, पुन्हा करणार नाही. त्या पेपरला शून्य देऊ आणि विषय संपला. तुझा फॉर्म मी स्वतः पाठवते. पण तू नाकारत राहिलीस तर तक्रार उघडी राहते, आणि उघड्या तक्रारीवर मला हजेरी माफ करता येत नाही."

"पन मी बघितलं न्हाई, बाई."

दुसऱ्या दिवशी विट्याकडून तिचे चुलते आले. सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले होते, टोपी हातातच होती. वही घेऊन मलाही परत बोलावलं होतं. चुलत्यांनी बाईंसमोर हात जोडले, मग पुतणीकडे वळले. "लिव की गं. दोन वळी लिवून हात झडत्यात का?"

"आवं काका, न केलेलं कसं लिवू?"

"तुज्या बापाला फोन लावतो. त्यो सांगल तुला."

फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. पलीकडे दुकानाचा आवाज होता, कोणी तमिळमध्ये बोलत होतं. चुलत्यांनी सगळं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, माझं ऐका. हितं अनोळखी माणसं मंगळसूत्र माझ्या हातात देऊन जात्यात. आमी काय त्यांचं गाववाले न्हाई. मी एकदा त्यातलं सोनं काढून घेतलं म्हणून लिवून दिलं, तर खरं असू दे न्हाईतर खोटं, दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं कारण न्हाई. तिनं बघितलं असंल तर काढून टाका तिला, मी काय म्हणणार न्हाई. पन बघितलं नसंल तर लिवून घिऊ नगा."

"मी तिला वाचवायला बघतेय," बाई म्हणाल्या.

"कळतंय मला ते."

"दादा, दहावीचं वरीस हाय," चुलते म्हणाले. "कागदच हाय शेवटी."

"तर मग तिलाच इचार. आन हितं आली तर शाळा न्हाई, हे बी सांग."

"म्हाईत हाय, आप्पा," ती फोनकडे बघून म्हणाली.

"मग?"

"न्हाई लिवत."

चुलत्यांनी फोन उचलला, खिशात ठेवला. बाई खुर्ची मागे सारून उठल्या आणि खिडकीशी गेल्या. फॉर्म जाणार नव्हता, म्हणून नंतर शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी पालकांचा अर्ज लिहून घेण्यात आला. चुलत्यांनी सही केली.

सामान बांधताना खोलीत आम्ही तिघीच होतो. दहिवडी विटाची ट्रंक आवळत होती. विटाने मला विचारलं, "मग बरूबर काय हाय गं? उजवं का डावं?"

उजवं, मी सांगितलं.

"म्हंजी आपल्या उजवीकडं न्हाई. ज्याचं काळीज हाय त्याच्या उजवीकडं."

"हो."

तिने ते एकदा पुटपुटून घेतलं. कट्ट्यावर घ्यायची तसंच.

मार्चमध्ये मी दहावीची परीक्षा दिली. त्या पेपरात हृदयावर प्रश्न नव्हता. तिने दिलेला फोन नंबर त्या उन्हाळ्यापर्यंत लागत होता. तिला बाहेरून परीक्षेला बसवण्यासाठी चुलत्यांनी चौकशी केली, तेव्हा त्या वर्षीची मुदत संपली होती. पुढच्या वर्षी तिची आई पुन्हा आजारी पडली. त्याच्या पुढच्या वर्षाचं चुलत्यांना काही सांगता आलं नाही. हे मला गेल्या मे महिन्यात समजलं. मी आता सांगलीत वर्तमानपत्रात काम करते. पाण्याच्या बातमीसाठी विट्याला गेले होते, तिथून पुढे त्यांच्या गावी गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. चुलते ओट्यावर बसले होते.

ती तिकडेच असते, ते म्हणाले. दुकानात काट्यावर बसते. तमिळ चांगलं बोलते. लग्नाचं बघत आहेत.

मग ते आत गेले आणि कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला होता. शाळा सोडण्याचं कारण, पालकांचा अर्ज. अभ्यासातली प्रगती, समाधानकारक. वर्तणूक, चांगली.

दाखला मूळ प्रत आहे. तो कुठल्याही शाळेत दिला गेलेला नाही.